सांगड

नदीकाठच्या मुलाला पोहणे शिकवावे लागत नाही. पाण्यात पडले की ते आपोआप हातपाय मारू लागते, असा एक समज आमच्या बालाघाटात पिढ्यानपिढ्या चालत आला आहे. शिवनी जिल्ह्यात उगम पावलेली वैनगंगा आमच्या गावाजवळून वाहते, पुढे महाराष्ट्रात शिरते आणि वर्धेला मिळून प्राणहिता होते. अशा नदीच्या काठची मुले म्हणजे जन्मजात पोहणारी, असा आम्हांलाही अभिमान होता.

माझे शिक्षण याच रीतीने झाले. १९७७ च्या सुमारास, मी नऊ-दहा वर्षांचा असताना, काकांनी माझ्या पाठीला वाळलेला भोपळा बांधला. दोन दिवस तो राहू दिला आणि तिसऱ्या दिवशी सोडून घेऊन मला डोहात लोटले. नाकातोंडात पाणी गेले, पण मी काठाला लागलो. दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाची पाळी आली. तो सात वर्षांचा होता. तो गटांगळ्या खाऊ लागला, तेव्हा काकांनीच उडी घेऊन त्याला वर काढले. त्यानंतर तो घोट्याच्या वर पाण्यात कधी गेला नाही. हा प्रसंग मी लग्नकार्यांतून रंगवून सांगत आलो आणि ऐकणारे हसत आले.

गेल्या उन्हाळ्याच्या सुटीत नागपूरला मुलीकडे गेलो होतो. सहा वर्षांच्या नातवाचे नाव तेथील एका तरणतलावावरच्या वर्गात घातले होते. पहिल्या दिवशी त्याला नेण्याचे काम माझ्याकडे आले. सकाळची वेळ होती. बारा-चौदा मुले जमली होती. प्रशिक्षकांनी कोणालाही लगेच पाण्यात उतरवले नाही. काठावर ओळीने बसवून पाय हलवायला लावले. मग उथळ बाजूला कठड्याची नळी धरून उभे केले आणि तोंड पाण्यात घालून बुडबुडे काढण्याचा खेळ मांडला. कोणाचे बुडबुडे अधिक, यावर गलका सुरू झाला. आमचे नातू मात्र पायरीवरून हलेनात.

मला राहवेना. प्रशिक्षकांजवळ जाऊन मी हलकेच म्हणालो, "एकदा ढकला त्याला. आम्ही असेच शिकलो."

ते हसून म्हणाले, "आजोबा, पाणी कुठे पळून जात नाही. आज पाय भिजले, तेवढं पुष्कळ आहे."

थोड्या वेळाने शेजारची एक मुलगी पायरीजवळ आली. तिने ओंजळीत पाणी घेऊन त्यात फुंकर मारून दाखवली. नातवानेही ओंजळ भरली. वर्ग संपता संपता त्याने एकदा, एकदाच, डोळे घट्ट मिटून तोंड पाण्यात घातले आणि खोकत वर आला. तो रडला नाही; हसलाही नाही.

परतताना रिक्षात त्याने विचारले, "आजोबा, तुम्ही सरांना मला ढकलायला सांगितलं ना?"

मुलांच्या प्रश्नांना उत्तरे देण्यातच माझी नोकरी गेली. पण या प्रश्नापुढे मी क्षणभर निरुत्तर झालो. "हो," मी म्हणालो, "चुकलं माझं." तो काही बोलला नाही. घरी आल्यावर मात्र त्याने आईला सांगितले, "उद्या तू चल."

त्या रात्री मी धाकट्या भावाला फोन केला आणि जुना डोह आठवतो का, असे विचारले. बराच वेळ थांबून तो म्हणाला, "दादा, काकांनी ढकललं त्याचं मला काही नाही. त्यांनीच बाहेर काढलं. पण तू काठावर उभा राहून हसत होतास."

वाचकहो, पन्नास वर्षे मी ज्याला विनोद समजत होतो, तो त्याच्यासाठी विनोद नव्हता.

प्रशिक्षकांची रीत केवळ मायेची नव्हती, ती शास्त्राला धरूनही होती. छातीत हवा भरलेली असते तेव्हा माणसाचे शरीर पाण्याहून किंचित हलके असते व ते तरंगते. घाबरलेला जीव डोके वर काढण्याची धडपड करतो, श्वास अडखळतो, पाय खाली जातात आणि तो बुडू लागतो. म्हणून पहिला धडा हातापायांचा नसून श्वासाचा असतो. लोटून दिलेले मूल नेमके याच्या उलट शिकते.

पोहणे ही चैनही नव्हे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२१ साली जगात सुमारे ३ लाख माणसे बुडून मरण पावली. त्यांतील जवळजवळ चौथा हिस्सा पाच वर्षांखालील बालकांचा होता. म्हणूनच लहानग्यांना पाण्यापासून दूर व नजरेखाली ठेवावे आणि सहा वर्षांपुढील मुलांना पोहणे व पाण्यातील सुरक्षितता शिकवावी, असे ही संघटना सांगते. तरणतलावात शिकलेल्या मुलाने नदीला गृहीत धरू नये, हेही बजावले पाहिजे. नदीला ओढ असते, वाळू उपसून पडलेले खड्डे असतात, धरणातून सोडलेले पाणी अचानक चढते. बुडणारा बहुधा हाक मारू शकत नाही. कोणी बुडताना दिसल्यास मुलांनी स्वतः उडी न घेता मोठ्यांना हाक मारावी. काठावरूनच दोर, बांबू किंवा झाकण लावलेला रिकामा डबा पुढे करावा.

ज्ञानेश्वरीच्या सातव्या अध्यायात मायेला नदीचे रूपक दिले आहे. स्वतःच्याच बुद्धीच्या बाहुबळावर तीत उतरणाऱ्यांची गत तेथे वर्णिली आहे, आणि सांगडीचाही उल्लेख आहे. भोपळे किंवा हलकी लाकडे एकत्र बांधून केलेले तरून जाण्याचे साधन, ती सांगड. आज आपण 'सांगड घालणे' म्हणतो तेव्हा त्यातले पाणी विसरून गेलेलो असतो. काकांनी आम्हां दोघा भावांना एकेक भोपळा दिला आणि तो काढून घेतला. त्या तरणतलावावर मात्र बारा-चौदा मुलांची मिळून एक सांगड झाली होती, आणि तिच्या आधाराने माझा नातू पाण्यात उतरला.

पुढले दहा दिवस त्याच्याबरोबर त्याची आईच गेली. अकराव्या दिवशी त्याने मला येण्याची परवानगी दिली. मात्र एका अटीवर. "तुम्ही काठावर बसा, आजोबा. पण कोणाला काही सांगू नका."

मी काठावर बसलो आणि काही बोललो नाही. फळी धरून तो एका कठड्यापासून दुसऱ्या कठड्यापर्यंत गेला. मधे दोनदा थांबला, मागे वळून माझ्याकडे पाहिले, आणि पुन्हा पाय मारू लागला.