कायदा एक, मुदती दोन

वरळीच्या कॅम्पा कोला कंपाउंडमध्ये तळमजला आणि वर पाच मजले एवढीच परवानगी होती. वाढीव मजल्यांचा आराखडा महापालिकेने नाकारला. 1984 मध्ये काम थांबवण्याची नोटीसही दिली. तरी एक इमारत 17 आणि दुसरी 20 मजल्यांवर गेली. 27 फेब्रुवारी 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे मजले नियमित करण्यास नकार दिला. पण कारवाई दारात येताच, 13 नोव्हेंबर 2013 रोजी, त्याच न्यायालयाने बातम्यांची दखल घेऊन स्वतःहून 31 मे 2014 पर्यंत स्थगिती दिली. नोटिशीनंतर तीस वर्षे होत आली, मजले उभेच!

त्या रहिवाशांशी आमचे वैर नाही. डोक्यावरचे छप्पर जाणे म्हणजे काय, हे आम्हाला कुणी शिकवायला नको. आमचा प्रश्न एवढाच आहे : हा कळवळा वरळीहून कुर्ल्याला का पोहोचत नाही?

2004-05 च्या हिवाळ्यात मुंबईत 80 हजारांहून अधिक झोपड्या पाडल्या गेल्या. ती रडारडही बातम्यांत होती. तिने किती जणांची झोप उडवली?

13 नोव्हेंबर 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बुलडोझरला लगाम घातला. पाडण्याआधी किमान 15 दिवसांची नोटीस, सुनावणी, लेखी कारणे. निकाल चांगला आहे, आम्ही स्वागत करतो. पण त्यातला अपवाद वाचा : रस्ता, पदपथ, रेल्वेमार्गालगतची जागा, नदी. तिथल्या अनधिकृत बांधकामांना हे संरक्षण नाही. आता कुर्ल्याचा नकाशा काढा. मिठीकाठचे क्रांतीनगर कुठे आहे? रुळांलगतच्या वस्त्या कुठे आहेत? ज्याला सर्वांत जास्त गरज, तोच नेमका अपवादात!

बिल्डरने परवानगी मागितली, ती नाकारली, तरी त्याने बांधले. झोपडीवाल्याला परवानगी मागायला खिडकीच नव्हती. या शहराने त्याचे श्रम घेतले, घर मात्र दिले नाही. मग अपराध मोठा कुणाचा?

26 जानेवारी 1950 पासून राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता, अशा विसंगतीत आपण प्रवेश करू, असा इशारा बाबासाहेबांनी संविधान सभेत दिला होता. ती विसंगती आज मजल्यांत मोजता येते.

आम्हाला दया नको. नोटीस, सुनावणी आणि पाडण्याआधी पुनर्वसन हवे, रुळालगत राहणाऱ्यालाही. तरुणांनो, वस्तीतल्या प्रत्येक घराचे जुने पुरावे आजच गोळा करा. बुलडोझर आल्यावर कागद शोधायला वेळ मिळत नाही. तेवढी मुदत फक्त मजल्यांना मिळते.

जय भीम!