मुखपृष्ठावरची मुलगी

जुलै १९३७. शांघायच्या ‘लियांगयू’ या सचित्र मासिकाच्या मुखपृष्ठावर एक तरुणी झळकली, झेंग पिंगरू. त्याच महिन्यात जपानने चीनवर उघड युद्ध लादलं. तिचे वडील चिनी न्यायखात्यात होते, आई जपानी. आईकडून मिळालेल्या भाषेच्या बळावर ती जपानी अधिकाऱ्यांच्या बैठकांत वावरू लागली आणि तिथल्या बातम्या राष्ट्रवादी सरकारच्या गुप्तहेर खात्याला पोचवू लागली.

जपानधार्जिण्या गुप्त पोलिसांचा म्होरक्या डिंग मोत्सुन याच्याशी तिने ओळख वाढवली. डिसेंबर १९३९मध्ये कोट घ्यायच्या निमित्ताने ती त्याला फरच्या दुकानात घेऊन गेली. बाहेर मारेकरी दबा धरून होते. डिंगला संशय आला, तो धावत चिलखती मोटारीत शिरला आणि वाचला. पुढे ती पकडली गेली. फेब्रुवारी १९४०मध्ये तिला गोळ्या घातल्या.

आयलीन चँगची ‘लस्ट, कॉशन’ ही कथा याच घटनेवरून सुचली, असं मानलं जातं. त्या कथेतली नायिका सावजाच्या प्रेमात पडून त्याला सावध करते. २००७मध्ये त्या कथेवर आंग ली यांचा चित्रपट आला, तेव्हा पिंगरूच्या बहिणीने जाहीर आक्षेप घेतला. मला तो रास्त वाटतो. जीव देणाऱ्या बाईची आठवण मोहाच्या गोष्टीत विरघळू द्यायची नसते.

चीनच्या त्या युद्धाशी आपली ओळख सोलापूरच्या डॉ. कोटणिसांपासून सुरू होते आणि बहुधा तिथेच थांबते. म्हणून या अंकात पिंगरू.

आणि तिच्या सापळ्यातून निसटलेला डिंग? देशद्रोहाबद्दल त्याला १९४७मध्ये चिनी सरकारनेच मृत्युदंड दिला.