यंत्राला कोणाची मराठी कळते?

ज्यांच्या हातात शतकानुशतके लेखणी येऊ दिली नाही, त्यांना आता सांगितले जात आहे की, लेखणीची गरजच उरली नाही. नुसते बोला, यंत्र ऐकेल. बोलून पैसे पाठवा, बोलून योजनेची माहिती घ्या, बोलून तक्रार नोंदवा! मार्च २०२२ मध्ये रिझर्व्ह बँकेने साध्या बटणांच्या फोनसाठी ‘यूपीआय १२३पे’ आणले. त्याच वर्षी जुलैमध्ये केंद्र सरकारने ‘भाषिणी’ हा उपक्रम सुरू केला. सप्टेंबर २०२३ मध्ये बोलून पैसे पाठवण्याची ‘हॅलो! यूपीआय’ ही सोय जाहीर झाली. सुरुवात हिंदी आणि इंग्रजीतून, बाकीच्या भाषा नंतर!

या सोयींना विरोध करण्याचे कारण नाही. निरक्षर आजीला, अंध बांधवाला, दिवसभर हातात विळा किंवा थापी असणाऱ्या मजुराला बोलून काम होणार असेल तर ते हवेच आहे. परंतु कोणतीही नवी व्यवस्था दारात आली की चळवळीने तिला एक प्रश्न विचारायचा असतो. ही व्यवस्था उभी करताना कोणता माणूस डोळ्यांसमोर ठेवला होता? आवाजावर चालणाऱ्या यंत्रणेला, म्हणजे ज्याला ‘व्हॉईस इंटरफेस’ म्हणतात त्याला, हा प्रश्न अजून कोणी पुरेसा विचारलेला नाही.

यंत्र ऐकते म्हणजे काय, हे आधी समजून घेतले पाहिजे. १९५२ मध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेने ‘ऑड्री’ नावाचे यंत्र तयार केले. त्याला शून्य ते नऊ एवढे आकडेच कळत, आणि तेसुद्धा ज्याच्या आवाजाशी त्याची जुळणी करून ठेवली असेल त्याचे नीट कळत. सत्तर वर्षांत यंत्रे अफाट सुधारली, पण मूळ नियम तोच राहिला. ज्यांचे आवाज यंत्राला शिकवताना वापरले, त्यांचेच बोलणे त्याला चांगले कळते. बाकीच्यांचे ते अंदाजाने घेते.

हा अंदाज कोणाच्या वाट्याला येतो? २०२० मध्ये अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अॅमेझॉन, अॅपल, गुगल, आयबीएम आणि मायक्रोसॉफ्ट या पाच कंपन्यांच्या यंत्रणा तपासल्या. ४२ गोऱ्या आणि ७३ काळ्या माणसांचे बोलणे त्यांना ऐकवले. गोऱ्यांच्या शंभर शब्दांमागे सरासरी १९ चुका झाल्या, काळ्यांच्या शंभर शब्दांमागे ३५. दोन्ही गटांनी तेच शब्द उच्चारले तरी फरक कायम राहिला. म्हणजे दोष बोलणाऱ्यांच्या भाषेत नव्हता, यंत्राच्या कानात होता. त्या कंपन्यांत कोणी बसून ‘काळ्यांचे ऐकू नका’ असा हुकूम काढलेला नव्हता. त्यांचे आवाज पुरेसे गोळा केलेच नव्हते. बहिष्कार घालायला प्रत्येक वेळी हुकूम लागतोच असे नाही, मोजणीत न धरले तरी काम भागते. आपल्याला हे कोणी नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

आता आपल्या मराठीकडे वळू. ‘भाषिणी’च्या भाषादान उपक्रमात ‘बोलो इंडिया’ नावाचा एक भाग आहे. त्यात पडद्यावर वाक्य दिसते आणि आपण ते मोठ्याने वाचून आवाज द्यायचा असतो. उपक्रम चांगला आहे. परंतु ज्याला वाचता येत नाही तो या मार्गाने आवाज देणार कसा? ज्याच्यासाठी बोलते यंत्र आणायचे, नेमका तोच यंत्राच्या शाळेबाहेर राहतो. शिवाय वाचणारा माणूस छापलेली भाषा वाचतो. वऱ्हाडातला माणूस घरी ‘मले’ म्हणत असेल, मालवणातला ‘माका’ म्हणत असेल, पण पडद्यावर ‘मला’ लिहिलेले असेल तर दोघेही ‘मला’च वाचतील. यंत्र समजते की, महाराष्ट्रात सगळे ‘मला’ म्हणतात.

हे टाळता येत नाही असे मात्र कोणी सांगू नये. मद्रास आयआयटीतील ‘एआय फॉर भारत’ या गटाने २०२४ मध्ये ‘इंडिकव्हॉइसेस’ नावाचा आवाजांचा संग्रह मांडला. २२ भाषा, १४५ जिल्हे, १६ हजारांहून अधिक माणसे आणि सात हजारांहून अधिक तासांचे बोलणे. त्यात वाचून दाखवलेला भाग शंभरात फक्त नऊ होता. बाकी सारे लोकांचे उत्स्फूर्त बोलणे आणि आपसातले संभाषण. लोकांपर्यंत जायची तयारी असेल तर हे होते. तेव्हा ‘बोलींचा आवाज मिळत नाही’ ही सबब यापुढे चालणार नाही.

उच्चार कळला म्हणजे काम झाले असेही नाही. उच्चारानंतर अर्थ येतो. माझ्याकडे आलेल्या एका वृद्ध पक्षकार बाईंचे उदाहरण सांगतो. निराधार योजनेचे अनुदान तीन महिने आले नव्हते, म्हणून मुलाने त्यांना एका बोलत्या हेल्पलाईनला फोन लावून दिला. बाई म्हणाल्या, “माझा पगार आला नाही.” खेड्यापाड्यांत निराधारच्या अनुदानाला ‘पगार’च म्हणतात. यंत्राने ते नोकरदारांच्या वेतनाचे प्रकरण समजून त्यांना कर्मचारी क्रमांक विचारला. बाई गप्प झाल्या. यंत्राने पुन्हा विचारले, बाई पुन्हा गप्प. मग यंत्राने ‘आपला प्रतिसाद अवैध आहे’ असे सांगून फोन बंद केला. सत्तर वर्षांच्या बाईला वाटले, आपलेच काहीतरी चुकले.

इथे प्रश्न बोलीचाही राहिला नाही. यंत्रणा आखणाऱ्याने त्या बाईसारख्या चार माणसांशी आधी बोलून घेतले असते तर ‘पगार’ हा शब्द त्याच्या यादीत आला असता. आपली माणसे ‘जात वैधता प्रमाणपत्र’ म्हणत नाहीत, ‘व्हॅलिडिटी’ म्हणतात. ‘शिधापत्रिका’ म्हणत नाहीत, ‘रेशनकार्ड’ म्हणतात. ठाण्यात जाऊन कोणी कायद्याचे पूर्ण नाव घेत नाही, ‘ॲट्रॉसिटी दाखल करायची आहे’ एवढेच म्हणतो. रक्कम सांगताना ‘एक हजार पाचशे’ न म्हणता ‘दीड हजार’ म्हणतो, ‘अडीचशे’ म्हणतो, ‘पावणेदोन लाख’ म्हणतो. ज्या यंत्राला पावणेदोन कळत नाही, त्याला मराठी येते असे जाहीर करणे ही फसवणूक आहे.

आखणीच्या अशा साध्या साध्या गोष्टींत माणसाचा मान किंवा अपमान दडलेला असतो. म्हातारे माणूस थांबून थांबून बोलते. यंत्र दोन क्षणांची शांतता म्हणजे ‘बोलणे संपले’ असे धरत असेल, तर ते त्याचे वाक्य अर्ध्यावर तोडते. कळले नाही तर ‘मला समजले नाही, पुन्हा सांगा’ असे म्हणता येते, किंवा ‘आपण चुकीचे बोललात’ असेही म्हणता येते. पहिल्यात यंत्र आपला दोष आपल्याकडे घेते, दुसऱ्यात ते माणसाच्या माथी मारते. ‘पाणी’ला ‘पानी’ म्हटले म्हणून वर्गात हसे झालेली पिढी अजून आपल्यात आहे. त्या वर्गातल्या मास्तरचा कान यंत्राला बसवू नका, एवढीच आपली मागणी आहे.

दुसरा मुद्दा एकांताचा. फोनवर बटण दाबले तर शेजाऱ्याला कळत नाही, बोललेले मात्र सगळ्यांना ऐकू जाते. एका खोलीच्या घरात, ग्रामपंचायतीच्या ओसरीवर किंवा सेतू केंद्राच्या रांगेत यंत्राने मोठ्याने ‘आपली जात सांगा’ असे विचारावे काय? नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार करणाऱ्या बाईने ती त्याच घरात उच्चारून सांगावी काय? जात, आजार, पासवर्ड, अत्याचाराची तक्रार या गोष्टींसाठी बटणाचा पर्याय असलाच पाहिजे. आवाज हीसुद्धा माणसाची ओळख आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार संमती मागताना ती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय द्यावा लागतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. परंतु निरक्षर माणसाला संमतीचा मजकूर दाखवून काय उपयोग? बोलत्या यंत्राने संमतीही बोलूनच, सोप्या शब्दांत मागितली पाहिजे.

वकील म्हणून मला सर्वांत मोठी काळजी न्यायालयाची आणि पोलीस ठाण्याची वाटते. २१ फेब्रुवारी २०२३ रोजी महाराष्ट्राच्या सत्तासंघर्षाच्या सुनावणीत सर्वोच्च न्यायालयाने यंत्राद्वारे बोलण्याचे थेट लेखन प्रथम करून पाहिले. तिथे बोलणारे नामवंत वकील होते आणि भाषा इंग्रजी होती. केरळ उच्च न्यायालयाने तर १ नोव्हेंबर २०२५ पासून जिल्हा न्यायालयांत साक्षीदारांची साक्ष अशा यंत्रणेने नोंदवण्याचे निर्देश दिले. उद्या हे आपल्या तालुक्याच्या कोर्टात येईल. तेव्हा साक्षीदार पिंजऱ्यात नामवंत वकील नसेल, अत्याचार सोसलेली आपली बहीण असेल.

अनुसूचित जाती-जमाती अत्याचार प्रतिबंधक कायद्याच्या कलम ३(१)(आर) आणि ३(१)(एस) खालील खटल्यात आरोपी नेमके काय बोलला, कोणत्या शब्दांत बोलला आणि कोणाच्या देखत बोलला, यावर निकाल फिरतो. आणि बोलून लिहिण्याच्या अनेक सोयींत आक्षेपार्ह शब्द झाकण्याची व्यवस्था असते. शिवी उच्चारली की शब्दाच्या जागी फुल्या उमटतात! सभ्य लोकांच्या सोयीसाठी केलेली ही व्यवस्था आपल्या फिर्यादीत पुरावाच पुसून टाकील. जातिवाचक शिवीच्या जागी फुल्या असलेला जबाब घेऊन सरकारी वकिलाने काय सिद्ध करायचे? म्हणून न्यायालयात आणि ठाण्यात अशी गाळणी पूर्ण बंद असली पाहिजे, मूळ ध्वनिमुद्रण जपले पाहिजे आणि यंत्राने लिहिलेला जबाब साक्षीदाराला वाचून दाखवूनच कायम केला पाहिजे.

कायदा आपल्या बाजूला आहे. संविधानाच्या अनुच्छेद ३५० नुसार प्रत्येक व्यक्तीला आपल्या गाऱ्हाण्याच्या निवारणासाठी संघराज्यात किंवा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत निवेदन देण्याचा हक्क आहे. ते प्रमाण भाषेत असावे अशी अट घटनाकारांनी घातलेली नाही. महाराष्ट्राच्या २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमानुसार अर्जाची पोच द्यावी लागते आणि अर्ज फेटाळला तर कारण लेखी द्यावे लागते. मग यंत्राला कळले नाही म्हणून फोन बंद झाला, त्याची पोच कुठे आहे? त्याचे कारण कुठे आहे? अर्जच नोंदला गेला नाही, म्हणून मुदत सुरू झाली नाही. मुदत सुरू नाही, म्हणून अपील नाही. न ऐकण्याची ही बिनकागदी पद्धत आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा मिळण्याचा हक्क अनुच्छेद २१ मधील जीवनाच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. ॲसिड हल्ल्यात चेहरा भाजलेल्या महिलांना यंत्रापुढे डोळ्यांची उघडझाप करता येत नव्हती, म्हणून बँकेचे काम अडत होते. न्यायालयाने त्यांना डोळे मिचकवायला शिका असे सांगितले नाही, यंत्रणा बदला असे सांगितले. तोच न्याय जिभेला का लागू नये?

काही सुशिक्षित बांधव म्हणतील की, आपल्याच लोकांनी प्रमाण मराठी शिकावी, म्हणजे प्रश्न मिटला. मुलांनी ती जरूर शिकावी. परंतु हक्क मिळण्यासाठी आधी भाषा सुधारून या, ही अट कोणाची आहे हे ओळखा. विनयपिटकातील चुल्लवग्गात एक प्रसंग येतो. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या दोन भिक्खूंनी तथागतांकडे तक्रार केली की, नाना गोत्रांचे आणि नाना जातींचे लोक संघात आले असून ते आपापल्या बोलीत बुद्धवचन बिघडवत आहेत, तेव्हा ते वेदांच्या छंदात घालावे. तथागतांनी त्यांनाच फटकारले, तसे करण्यास मनाई केली आणि बुद्धवचन आपापल्या बोलीत शिकण्याची मोकळीक दिली. अडीच हजार वर्षांपूर्वी ज्या तक्रारीला उत्तर मिळाले, ती आज यंत्राच्या तोंडून पुन्हा ऐकायची काय?

तेव्हा चळवळीने शासनापुढे काही मागण्या ठेवल्या पाहिजेत. सरकारी पैशाने उभी राहणारी प्रत्येक बोलती यंत्रणा वऱ्हाड, झाडीपट्टी, खानदेश, मराठवाडा, कोकण येथील स्त्री-पुरुषांवर, वस्त्या-तांड्यांतील निरक्षर माणसांवर तपासल्याशिवाय सुरू करू नये. कोणत्या जिल्ह्यात, कोणत्या वयाच्या माणसांच्या बोलण्यात ती किती चुका करते, याचे आकडे निविदेच्या अटीत घालावेत आणि जाहीर करावेत. दोनदा कळले नाही की तिसऱ्यांदा जिवंत माणूस फोनवर आला पाहिजे. पैसे कापण्यापूर्वी आणि अर्ज रद्द करण्यापूर्वी माणसाची स्पष्ट ‘हो’ घेतलीच पाहिजे. अपयशी ठरलेल्या प्रत्येक फोनला क्रमांक आणि पोच मिळाली पाहिजे.

आणि आपणही काही करायचे आहे. आपल्या वस्तीत अशी यंत्रणा येईल तेव्हा एखाद्या शिकलेल्या मुलाच्या हातात फोन देऊन ‘चालते’ असे म्हणू नका. आजीच्या हातात द्या. ती तिच्या बोलीत बोलू द्या, काय झाले ते तारीख-वेळेसह लिहून ठेवा आणि माहिती अधिकारात विचारा की, ही यंत्रणा कोणाच्या आवाजावर तपासली होती. अशी पन्नास पाने जमली तर ती कोर्टात उभी राहतात. यंत्र ऐकत नसेल तर ऐकायला लावणारे कोर्ट आहे, आणि त्या कोर्टात जाण्याचा हक्क बाबासाहेबांनी आपल्या हातात देऊन ठेवला आहे.

जयभीम!