गिधाडे गेली, किंमत माणसांनी मोजली

गावाबाहेर मेलेले जनावर टाकले, की काही तासांत आकाशात घिरट्या दिसू लागत आणि संध्याकाळपर्यंत फक्त सांगाडा उरे. 1980च्या दशकापर्यंत भारतात गिधाडांची संख्या कोट्यवधींत होती. पुढे 1992 ते 2007 या पंधरा वर्षांत पांढऱ्या पाठीची गिधाडे 99.9 टक्क्यांनी घटली. लांब चोचीची गिधाडेही 97 टक्क्यांच्या आसपास कमी झाली.

ना जंगलतोड, ना शिकार. कारण निघाले डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक औषध. ते स्वस्त झाल्यावर 1990च्या दशकात गुरांसाठी सर्रास वापरले जाऊ लागले. औषध दिलेले जनावर लवकर दगावले, तर त्याच्या मांसात औषधाचा अंश राहतो. ते खाल्लेल्या गिधाडाची मूत्रपिंडे निकामी होतात, शरीरात युरिक आम्ल साचते आणि ते मरते. पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून 2004 मध्ये हे सिद्ध झाले.

अभ्यासकांच्या गणितानुसार, शंभरातील एकापेक्षाही कमी मृत जनावरांत हे विष असले, तरी एवढी घट होऊ शकते. कारण एकाच जनावरावर डझनावारी गिधाडे तुटून पडतात. शिवाय मादी वर्षाला एकच अंडे घालते आणि पिल्लू वयात यायला सुमारे पाच वर्षे लागतात. प्रजाती नामशेष होते, ती एकाच वेळी सगळे पक्षी मेल्याने नव्हे. जन्माचा वेग मृत्यूच्या वेगाला गाठू शकत नाही, तेव्हा शेवट सुरू होतो. सावकाश वाढणाऱ्या पक्ष्यांना म्हणूनच छोटा धोकाही पुरतो.

गिधाडे गेल्यावर मांस मात्र तिथेच कुजत राहिले. त्यावर भटकी कुत्री पोसली गेली, रेबीजचा धोका वाढला, पाणी दूषित झाले. इयाल फ्रँक आणि अनंत सुदर्शन या अर्थतज्ज्ञांनी गिधाडांचा वावर असलेल्या आणि नसलेल्या जिल्ह्यांतील मृत्युदरांची तुलना केली. त्यांच्या 2024 मधील शोधनिबंधानुसार, 2000 ते 2005 या काळात देशात सुमारे पाच लाख अतिरिक्त मृत्यू झाले. हा संख्याशास्त्रीय अंदाज आहे. पण तो निम्म्याने कमी धरला, तरी आकडा हादरवणाराच आहे.

सरकारने 2006 मध्ये डायक्लोफिनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर बंदी घातली. मग माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गुरांसाठी वापरल्या जाऊ लागल्या. 2015 मध्ये त्या 3 मिलिलिटरपुरत्या मर्यादित करण्यात आल्या. केटोप्रोफेन आणि एसिक्लोफिनॅकवर बंदी यायला 2023, तर निमेसुलाइडवर यायला 2024चा डिसेंबर उजाडला. यातील एसिक्लोफिनॅकचे तर गुरांच्या शरीरात डायक्लोफिनॅकच होते. म्हणजे एक औषध गेले, की दुसरे येते आणि पक्षी मेल्यावर चौकशी सुरू होते.

हा क्रम उलटा हवा. गुरांसाठी नवे वेदनाशामक बाजारात येण्याआधीच गिधाडांवरील परिणाम तपासला पाहिजे. मेलॉक्सिकॅमसारखा सुरक्षित पर्याय उपलब्ध आहेच; तो पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि गावातल्या औषध दुकानात सहज मिळायला हवा. हरियाणातील पिंजोरच्या प्रजनन केंद्रात वाढलेली गिधाडे 2024 मध्ये ताडोबा आणि पेंचमध्ये आणली गेली. मात्र पिंजऱ्याबाहेर मिळणारे मांस निर्विष नसेल, तर ती जगतील कशी?