‘बाप रे’ची बॉबरी

इंग्रजीत ‘बॉबरी’ असा एक शब्द आहे. अर्थ : आरडाओरडा, दंगा, धुडगूस. आता तो कुणाच्या तोंडी फारसा नाही. जुन्या लष्करी आठवणींत आणि जाडजूड कोशांत तेवढा भेटतो. हेन्री यूल आणि ए. सी. बर्नेल यांच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या १८८६च्या अँग्लो-इंडियन कोशाने त्याचं मूळ दिलं आहे ते आपलं ‘बाप रे!’ काही कोशकार सावधपणे ‘बहुधा’ जोडतात. तो उद्गार मराठी की हिंदी, हा वाद निदान बालाघाट जिल्ह्यातल्या तिरोडीत तरी कुणी घालणार नाही. तिथे दोन्ही भाषा एकाच ओसरीवर बसतात.

या कोशात एका कॅप्टनची साक्ष आहे. ५ ऑगस्ट १७७५ रोजी कलकत्त्यात महाराजा नंदकुमारला फाशी दिली. वॉरन हेस्टिंग्जवर लाचखोरीचा आरोप करणारा हा माणूस बनावट दस्तऐवजाच्या खटल्यात दोषी ठरवला गेला होता. आठ-दहा हजारांची गर्दी होती. फास आवळला आणि लोक ‘आ बाप रे’ ओरडत क्षणात पांगले. उरले शेरीफ, त्याची माणसं आणि थोडे युरोपीय बघे. काही भयंकर दिसलं की हे लोक असं ओरडतात, असा खुलासाही कॅप्टनसाहेबांनीच केला.

म्हणजे अर्थ ठाऊक होता. तरी कोशात तो शिरला गलका होऊन! लोकांचा थरकाप उडाला होता, साहेबाला त्रास झाला तो आवाजाचा. पुढे कोल्ह्यांच्या मागे धावायला तरुण अधिकारी जातीची-बिनजातीची कुत्री जमवू लागले, त्या टोळक्याचं नाव पडलं ‘बॉबरी पॅक’. बापाची रवानगी थेट कुत्र्यांत.

अर्धवट ऐकलेलं असं टिकतं. नीट ऐकून घेतलेल्याचं काय होतं, ते तिरोडीला विचारावं. इथल्या मँगनीज खाणीतल्या एका अँफिबोल खनिजाला डन आणि रॉय या भूवैज्ञानिकांनी १९३८मध्ये ‘तिरोडाइट’ नाव दिलं. उच्चार बरोबर, पत्ताही बरोबर. १९९७मध्ये आंतरराष्ट्रीय खनिजशास्त्र संघटनेच्या समितीने अँफिबोलांच्या नावांची झाडाझडती घेतली, तेव्हा त्याचं ‘मँगॅनोकमिंग्टोनाइट’ झालं. कारण शास्त्रीयच : नाव वाचताच घटक कळावेत. पण ‘तिरोडाइट’ गावाच्या नावाचं म्हणून अडगळ ठरत असेल, तर नव्या नावातलं कमिंग्टनही गावच आहे, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधलं. त्याच्या नावाचं खनिज १८२४पासून आहे. त्याला समितीने हात लावला नाही.