दौऱ्याचा जमाखर्च

२ ऑगस्ट २०१४ रोजी अमेरिकेच्या मिशिगन राज्यात, ॲन आर्बरच्या विद्यापीठाच्या मैदानावर, मँचेस्टर युनायटेड आणि रेआल माद्रिद यांचा सामना झाला. प्रेक्षक होते १,०९,३१८. फुटबॉलला एवढी गर्दी अमेरिकेने त्याआधी पाहिली नव्हती. युनायटेड ३-१ जिंकले. दोनच दिवसांनी मायामीत लिव्हरपूललाही ३-१ हरवून त्यांनी करंडक उचलला. मग १६ ऑगस्ट उजाडला. प्रीमियर लीगचा पहिला सामना, तोही घरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर, आणि स्वान्झीने युनायटेडला २-१ हरवले. महिना संपायच्या आत लीग कपमध्ये तिसऱ्या श्रेणीतल्या मिल्टन कीन्स डॉन्सने त्यांना ४-० अशी धूळ चारली.

एका संघाच्या एका महिन्यावरून सिद्धान्त मांडू नये, हे मान्य. प्रशिक्षक नवे होते, खेळाची रचना नवी होती, आणि त्या हंगामाअखेर युनायटेड चौथ्या क्रमांकावर पोहोचले हेही खरे. पण दर जुलैला इंग्लिश क्लब अमेरिका, सिंगापूर, हाँगकाँग, ऑस्ट्रेलिया गाठतात ते कशासाठी, हा प्रश्न त्या महिन्याच्या निमित्ताने विचारता येतो. दौऱ्यांचे समर्थक तीन लाभ सांगतात: पैसा मिळतो, चाहते वाढतात, संघाची तयारी होते. माझे म्हणणे असे की पहिला लाभ खरा आहे पण लहान आहे, दुसरा उलटा मांडलेला आहे आणि तिसरा बहुतांशी कल्पित आहे.

आधी पैशाचे पाहू, कारण समर्थकांची बाजू इथेच सर्वांत भक्कम आहे. प्रीमियर लीगच्या नियमांनी २०२५-२६ पर्यंत तीन वर्षांतला तोटा साडेदहा कोटी पौंडांवर जाऊ दिला नाही. मर्यादा ओलांडली की गुण कापले जात, एव्हर्टन आणि नॉटिंगहॅम फॉरेस्ट यांनी ते भोगले आहे. अशा काळात आठवडाभराच्या दौऱ्यातून काही दशलक्ष पौंड मिळत असतील तर ते नाकारायचे कसे? शिवाय प्रायोजकाला आपले नाव ल्यालेला संघ आपल्या बाजारपेठेत दिसायला हवा असतो. शेवरोलेने २०१२ मध्ये युनायटेडशी सात वर्षांचा सुमारे ५६ कोटी डॉलरचा करार केला, तो ब्रिटनमध्ये मोटारी खपवण्यासाठी नव्हे. याच काळात ती गाडी ब्रिटनच्या बाजारातून बाहेर पडत होती.

हे सगळे मान्य करून हिशेब मांडू. २०२३-२४ मध्ये युनायटेडचे एकूण उत्पन्न ६६ कोटी पौंडांहून अधिक होते. दौऱ्याचे काही दशलक्ष त्यात किती, ते वाचकांनीच ताडावे. त्याच हंगामात प्रीमियर लीगच्या गुणतक्त्यातली एकेक जागा सुमारे २८ लाख पौंडांची होती. चार जागा खाली घसरले की एक कोटीहून अधिक गेले. चॅम्पियन्स लीगमध्ये नुसता प्रवेश मिळाला तरी २०२४-२५ पासून १ कोटी ८६ लाख युरो हातात पडतात, पुढे जिंकाल त्याचे वेगळे. आणि आदिदासचा करार पाहा. २०२३ मध्ये युनायटेडशी दहा वर्षांसाठी किमान ९० कोटी पौंडांचा करार करताना या कंपनीने अट घातली की २०२५-२६ पासून चॅम्पियन्स लीगबाहेर राहिल्यास दर हंगामाला १ कोटी पौंड कापले जातील. टी-शर्ट विकणाऱ्यालाही कळते की टी-शर्ट कशाने खपतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

दुसरा दावा चाहत्यांचा. संघ डोळ्यांनी पाहिला की माणूस जन्माचा त्या क्लबचा होतो, असे म्हणतात. एखाददुसरा होतही असेल. २०१३ मध्ये आर्सेनल व्हिएतनामला गेले तेव्हा हनोईत एक तरुण त्यांच्या बसबरोबर कित्येक किलोमीटर धावला आणि शेवटी खेळाडूंनी त्याला आत घेतले. चित्र गोड आहे. पण तो तरुण आर्सेनलचा चाहता त्या दिवशी झाला नव्हता, आधीच होता म्हणून धावला. नॉर्वेचे उदाहरण याहून बोलके आहे. तिथल्या सरकारी दूरचित्रवाणीने १९६९ च्या नोव्हेंबरात वुल्व्हज आणि सुंदरलँड यांच्या सामन्यापासून दर शनिवारी इंग्लिश लीगचा एक सामना दाखवायला सुरुवात केली. त्या शनिवारांनी नॉर्वेत लिव्हरपूल, लीड्स आणि युनायटेडचे चाहते घडवले. मुंबई-पुण्यातल्या पोरांनी मध्यरात्री टीव्हीचा आवाज बारीक करून क्लब निवडले ते असेच. चाहते आधी असतात म्हणून दौऱ्याची तिकिटे खपतात. समर्थक मात्र फळालाच बी समजून बसले आहेत.

पुणेकरांकडे तर याचा घरचाच दाखला आहे. कोंबड्यांचा व्यवसाय करणाऱ्या पुण्याच्या वेंकीज समूहाने नोव्हेंबर २०१० मध्ये ब्लॅकबर्न रोव्हर्स विकत घेतला. पुढच्या ऑक्टोबरात, ऐन हंगामात, आंतरराष्ट्रीय सामन्यांच्या सुट्टीत हा संघ पुण्यात येऊन पुणे एफसीशी खेळून गेला. तेव्हा तो गुणतक्त्याच्या तळाशी चाचपडत होता. मे २०१२ मध्ये तो प्रीमियर लीगमधून बाहेर फेकला गेला, आणि त्या रात्री घरच्या ईवुड पार्कवर संतापलेल्या प्रेक्षकांतून कुणी तरी क्लबच्या झेंड्यात गुंडाळलेली कोंबडी मैदानात सोडली. संघ पुण्याच्या दौऱ्यामुळे बुडाला असे मी म्हणत नाही, बुडण्याची कारणे कितीतरी खोल होती. पण बुडत्या संघाच्या एका भेटीने पुण्यात ब्लॅकबर्नचे किती चाहते उरले, ते पुणेकरांनीच सांगावे.

तिसरा दावा तयारीचा, आणि तो सर्वांत पोकळ आहे. हंगामपूर्व काळ जेमतेम पाच-सहा आठवड्यांचा. त्यात सुटलेली अंगे पुन्हा कसायची, नवे खेळाडू मिसळायचे, प्रशिक्षकाची पद्धत अंगवळणी पाडायची. लॉस एंजेलिसचे घड्याळ लंडनहून आठ तास मागे आहे. ती झोप जुळेपर्यंत परतीचे विमान समोर उभे राहते. २०१४ च्या त्या दौऱ्यात युनायटेडचे नवे प्रशिक्षक लुई फान हाल यांनी प्रवासाच्या या अंतरांबद्दल उघड तक्रार केली होती. जुलै २०१६ मध्ये बीजिंगमध्ये मँचेस्टरचे दोन्ही क्लब समोरासमोर येणार होते, पण पावसाने मैदानाची अशी दशा झाली की सामनाच रद्द करावा लागला. २०२३ मध्ये बँकॉकला टॉटनहॅम आणि लेस्टर यांचेही पावसामुळे तेच झाले. हजारो मैल उडून जायचे, आणि ठरलेला सामनाच व्हायचा नाही.

इथे कुणी चेल्सीचे नाव घेईल. २०१६ च्या उन्हाळ्यात ते अमेरिकेत तीन सामने खेळले आणि पुढे लीग जिंकले. बरोबर आहे. दौरा केला की हंगाम बुडतो, असा माझा दावाच नाही. पण त्या वर्षी चेल्सीला युरोपात खेळायचे नव्हते, आठवड्याच्या मध्ये विश्रांती होती. याउलट २०१५ चे लेस्टर पाहा. ऑस्ट्रियातले सराव शिबिर, मग लिंकन, मॅन्सफिल्ड, बर्टन अशा शेजारच्या लहान क्लबांशी सामने, आणि मे महिन्यात विजेतेपद. पुढच्या उन्हाळ्यात विजेते म्हणून त्यांना मोठ्या मांडवात बोलावणे आले. लॉस एंजेलिसजवळ पॅरिस सेंट-जर्मेंने त्यांना ४-० हरवले, स्टॉकहोममध्ये बार्सिलोनाने ४-२. फेब्रुवारीत प्रशिक्षक क्लाउडिओ रानिएरी यांची गच्छंती झाली. मधल्या फळीतला कांते चेल्सीला गेला होता, हे कारण दौऱ्यापेक्षा कितीतरी मोठे. तरी लेस्टरच्या उदाहरणातून एवढे नक्की निघते की विजेतेपदासाठी दौरा लागत नाही.

आता तर हंगाम संपल्यावरही दौरे सुरू झाले आहेत. मे २०२४ मध्ये लीग संपल्यावर तिसऱ्याच दिवशी टॉटनहॅम आणि न्यूकॅसल मेलबर्नला खेळले. मे २०२५ मध्ये पंधराव्या क्रमांकावर घसरलेले युनायटेड क्वालालंपूरला गेले, आसियानच्या निवडक संघाकडून ०-१ हरले आणि तिकीट काढून आलेल्या आपल्याच चाहत्यांची हुर्यो ऐकून परतले. इथे पैसा, चाहते आणि तयारी यांपैकी फक्त पैसाच साधला. सामने फार झाले म्हणून खेळाडूंच्या संघटना जून २०२४ मध्ये फिफाविरुद्ध न्यायालयात गेल्या. त्यांच्या सुरात सूर मिसळून क्लबही वेळापत्रकाच्या नावाने गळा काढतात. त्या गळ्यावर विश्वास कुणी ठेवायचा?

मग दौरे बंद करावेत का? नाही. १९०५ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्ट अर्जेंटिनाला गेले, त्यांचा लाल रंग इंदिपेंदिएंतेने उचलला. १९१० मध्ये कोरिंथियन हा हौशी इंग्लिश संघ ब्राझीलला गेला, त्याच्या नावाने साओ पावलोच्या कामगारांनी क्लब काढला, तो आजही आहे. त्या दौऱ्यांनी तिथे काही मागे ठेवले. आजच्या दौऱ्यांनाही तसे काही करता येईल. पहिले तीन आठवडे घराजवळचे शिबिर. मग फार तर एक देश आणि एक आठवडा. तिथल्या क्लबाशी पूर्ण ताकदीने सामना, आणि तिकिटांच्या उत्पन्नातला ठरलेला वाटा तिथल्या मुलांच्या फुटबॉलला. हंगाम संपल्यानंतरचा दौरा मात्र मुळीच नको.

क्लबाला पैसा हवा असेल तर त्याने तो जरूर मिळवावा, त्यात लाज नाही. पण विक्रीच्या पावतीवर तयारीचा शिक्का मारू नये. ॲन आर्बरला एक लाख नऊ हजार माणसांसमोर मिळालेल्या विजयाचे गुण शून्य होते. स्वान्झीने ओल्ड ट्रॅफर्डवरून तीन नेले.