घरही आणि विमानही?



आपल्या ग्रुपांवर सध्या ते फोटो फिरतायत. दुसऱ्या महायुद्धातल्या अमेरिकन बायका, डोक्याला रुमाल, ओठांना लाली, हातात ड्रिल. खाली मजकूर असा की, यांनी घरही सांभाळलं आणि विमानंही घडवली, शिका यांच्याकडून! फोटो मला आवडले. मजकूर मुळीच आवडला नाही.

फोटो कुणी काढले ते आधी बघा. आल्फ्रेड पामर हे सरकारच्या युद्धमाहिती कार्यालयाचे फोटोग्राफर. १९४२ साली लाँग बीचच्या डग्लस कारखान्यात, १९४३ साली नॅशव्हिलच्या व्हल्टी कारखान्यात त्यांनी ही रंगीत छायाचित्रं काढली. ती सरकारी प्रचारासाठीच होती, आणि जाहिरातीतली बाई कधी दमलेली नसते. (बॉम्ब टाकणाऱ्या विमानाचं कौतुक आपल्याला जड जातंच, पण तो विषय वेगळा.)

मी कॉमर्सची. जमेची बाजू दिसली की नावेची शोधते. आयोवातल्या क्लिंटनला रेल्वेची इंजिनं पुसणाऱ्या बायकांचा एक फोटो आहे, जॅक डेलानो यांनी १९४३ साली काढलेला. कामाच्या कपड्यांतच टेबलाभोवती जेवायला बसल्यात. तो बघून मला एकच प्रश्न पडला, यांच्या घरी आता कोण वाढतंय?

पोर्टलंडच्या कैसर जहाज कारखान्यांना हा प्रश्न पडला होता. त्यांनी १९४३ च्या नोव्हेंबरात कारखान्याच्या दारातच पाळणाघरं उघडली, रात्रपाळीच्या आयांसाठीसुद्धा. आणि ऐका, पाळी संपल्यावर मूल घेताना आईला तयार जेवणही विकत नेता यायचं! घरी जाऊन फक्त गरम करायचं. बाईला हात दोनच असतात हे त्या लोकांना बरोबर कळलं होतं, पण जहाजं हवी होती तोवरच. १९४५ च्या सप्टेंबरात ती पाळणाघरं बंद झाली. सरकारच्याच महिला विभागानं विचारलं तेव्हा बहुतेकींना नोकरी सोडायची नव्हती, तरी कित्येकींना घरी पाठवलं. सगळीकडे पोर्टलंडसारखी सोय नव्हतीच. तिथे आज्या नि शेजारणी होत्या. त्यांच्या हातात ड्रिल नव्हतं, म्हणून त्यांचे फोटो फिरत नाहीत.

आता आपल्याकडे या. सून बँकेतून सहाला येते आणि सूर्यास्ताआधी सगळ्यांची पानं वाढलेली हवीत. अशा सुनेला आपण तो फोटो पाठवतो, वर अंगठा दाखवतो! तिला त्यातून काय कळावं? की दोन्ही तूच कर, आणि हसत कर. रात्रिभोजनाचा त्याग सगळ्या घराचा असेल तर तो सांभाळणारे हात एकटीचे का? निवृत्त सासऱ्यांना भाजी चिरता येते. मुलाला कुकर लावता येतो, हॉस्टेलवर लावतच होता की.

फोटो जरूर पाठवा, पण तो मजकूर काढून. आणि आज संध्याकाळी तुमच्याकडे कुकर कुणी लावला, तेवढं मला कळवा.